अभंग रेकॉर्ड करायचेत, कुठलं सॉफ्टवेअर, एफएल स्टुडिओ की रीपर?

काळी_दोन:
मंडळी एक सल्ला हवाय. बाबा पेटीवर अभंग म्हणतात, मी पखवाज वाजवतो, घरीच रेकॉर्ड करायचंय. विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम, दोन माइकचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) आहे. एफएलची ट्रायल टाकली, बीट झकास होतात पण बाबांना क्लिक (ठोक्याची टिकटिक) लावून बसवलं तर दोन ओळींत हेडफोन काढून ठेवला, आणि गजर आला की लय चढतेच मग सगळं ग्रिडच्या (पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेघांच्या) बाहेर. वर आवाज कानात जरा उशिरा येतो. सॉफ्टवेअर बदलू का?

रात्रपाळी:
मी एफएलवालाच, पण या कामाला नको. ट्रायलमध्ये सेव्ह होतं पण ते परत उघडत नाही, सांभाळून. आणि घ्यायचंच झालं तर स्वस्तातली फ्रूटी आवृत्ती नको, त्यात माइकवरून रेकॉर्डिंग होत नाही, वरची प्रोड्युसर घ्यावी लागते. एकदा घेतलं की अपडेट कायम फुकट हे मात्र खरं.

सफरचंदी:
मॅक घे, ॲपलचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लॉजिक टाक, विषय संपला.

ठेकेवाला:
@सफरचंदी पैसे तू देणार का 😄

काळी_दोन भाऊ, रीपर टाका. विनअँप हा गाण्यांचा प्लेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच आहे, ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर घरगुती लायसन्स ६० डॉलर. क्लिक बंदच ठेवा. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमबेस 'टाइम' करा, म्हणजे पुढे टेम्पो बदलला तरी रेकॉर्डिंग हलत नाही. दोन टेक जोडायचे तर ग्रिड बघू नका, समेवर एस दाबून कापा, पखवाजाचा 'धा' वेव्हमध्ये (आवाजाच्या आलेखात) लांबूनही दिसतो. फक्त दोन्ही टेकची लय तिथे जुळायला हवी, नाहीतर सांधा कळतो.

उशिराचं म्हणाल तर तो दोष एफएलचा नाही, बफरचा, म्हणजे लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो त्या साठ्याचा. ५१२ सॅम्पल असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला नुसत्या आत येण्यातच साधारण ११.६ मिलिसेकंद जातात, बाहेर पडायचे वेगळे. १२८ केलं की ३ च्या आत. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज लॅपटॉपमधून न जाता थेट कानात) बटण असेल तर तेच दाबा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर दोनदा ऐकू येईल.

रात्रपाळी:
+१, आणि दोन माइक असतील तर एक गळा-पेटीला नि दुसरा पखवाजाला, पण एकाच खोलीत एकमेकांत आवाज जाणारच, नंतर नुसता गळा सुरात ओढायच्या भानगडीत पडू नका.

काळी_दोन:
केलं! क्लिक बंद, डायरेक्ट मॉनिटर चालू, बाबा सलग तीन अभंग म्हणाले. आता तिन्हींत पंख्याची घरघर आलीये, उद्या परत बसतो.