काकवी भरताना बाटल्या आकसतात, कुठलं प्लास्टिक घ्यावं?

गुऱ्हाळ_करवीर
काकवी उतरल्यावर पाऊण तासात अर्ध्या लिटरच्या पारदर्शक बाटल्यांत भरतो. खांदे आत जातात, बूड वाकडं होतं, बाटली उभी राहत नाही. बुडाला त्रिकोणात १ आकडा आहे. जाड बाटली घेतली तर चालेल का?

साचेवाला_शिरोली
भावा, जाडीनं फरक पडणार नाही. १ म्हणजे पेट जातीचं प्लास्टिक. ही बाटली जाड नळीसारखा प्रीफॉर्म तापवून, ताणून, हवेनं फुगवून करतात. साधारण ७० ते ७५ अंशांच्या वर गेली की ताणलेलं प्लास्टिक परत आखडायला बघतं. काकवी उतरते १०५-१०६ अंशांना, आणि घट्ट असल्यानं मोठ्या भांड्यात पाऊण तासानंतरही मधोमध चांगलीच गरम असते. वरून हात लावून अंदाज घेऊ नका; थर्मामीटर मधोमध बुडवा, ५५ च्या खाली आली की भरा. झाकण मात्र पूर्ण गार झाल्यावरच लावा, तोवर स्वच्छ फडकं. गरम असताना लावलं तर वाफेचं पाणी झाकणाला धरतं, थेंब वर पडून तेवढा थर पातळ होतो आणि तिथंच काकवी आंबायला लागते.

पॅकिंग_राजारामपुरी
गरमच भरायची असेल तर ५ आकड्याची पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची बरणी घ्या. पीपी १६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळं ८५ ला भरलेली काकवी सहज सोसतं. भरल्याबरोबर झाकण लावून बरणी दोन-तीन मिनिटं आडवी ठेवा, म्हणजे झाकणही आतून तापतं आणि त्यावरचे आंबवणारे जंतू मरतात, म्हणून इथं झाकण गरम असतानाच चालतं. गार होताना आत थोडी पोकळी होऊन पातळ बरणीच्या भिंती आत ओढल्या जातात, म्हणून इथं मात्र जाडी बघायची. पीपीतून हवा पेटपेक्षा बरीच जास्त शिरते. कांदा-लसूण चटणीला म्हणूनच पेट बरं, वास टिकतो.

गुऱ्हाळ_करवीर
बाजारातल्या बऱ्याच बरण्यांवर आकडाच नसतो. ओळखायचं कसं?

साचेवाला_शिरोली
एक तुकडा कापा, साबणाच्या पाण्यात बुडवून बुडबुडे काढा आणि सोडा. पीपी आणि एचडीपीई तरंगतात. पेट, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन बुडतात. तरंगणाऱ्यांत एचडीपीई मेणचट, दुधाळ असतं, नखानं ओरखडा उठतो. पण यानं फक्त जात कळते. खाण्याच्या दर्जाचं आहे का, ते विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

पॅकिंग_राजारामपुरी
साठवणीला २ आकड्याचे एचडीपीई कॅन, नवेच. फवारणीच्या औषधाचे किंवा रसायनाचे जुने कॅन कितीही धुतले तरी वापरू नका. ते प्लास्टिकच्या अंगात मुरलेलं असतं, सोड्यानं धुऊनही निघत नाही, आणि पुढं हळूहळू काकवीत उतरतं. कॅन पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाच्या बाजूला ठेवू नका; उन्हानं एचडीपीई ठिसूळ होतं आणि मुठीपाशी तडकतं.

गुऱ्हाळ_करवीर
उद्याचा घाणा थर्मामीटर लावून ५५ ला भरतो. पाच बरण्या पीपीच्याही भरून बघतो.