मदत हवी आहे: रॉक गिगला इअरप्लग कोणते न्यावेत?

लोअर परळच्या छोट्या हॉलमध्ये चौघांना स्टेजजवळ उभं राहायचंय. तिथे आवाज सहज १०० डेसिबल. अमेरिकेच्या निऑश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या हिशेबाने कानाला ८५ डेसिबल ८ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं.

फोमचे प्लग सिंबल आणि गायकाचे शब्द आधी खातात, बेस मात्र घुमत राहतो. शिवाय पिळून, कान वर ओढून घातले नाहीत तर अर्धे बाहेरच. म्हणून फिल्टरवाले (सगळा आवाज साधारण सारखाच कमी करणारे) सिलिकॉनचे हवेत, साधारण १५ ते २० डेसिबल कमी करणारे.

लहान कानाला कुठली साइज बसते? घामाने सटकतात का? मुंबईत हातात घेऊन बघायला कुठे मिळतील? बजेट माणशी दीड हजार.

('मागे उभे राहा' सांगू नका, ड्रमर दिसत नाही.)