ओव्हरसाइट आणि ओव्हरलुक
इंग्रजीतल्या या दोन शब्दांबद्दल 'ओव्हरसाइट म्हणजे ओव्हरलुकचंच नाम' असं कुणी म्हटलं, तर ते अर्धंच बरोबर आहे. नजरचुकीपुरतं जुळतं. पण ओव्हरसाइटचा दुसरा अर्थ देखरेख, म्हणजे जवळजवळ उलटाच. त्याचं क्रियापद ओव्हरसी. नुसतं 'द कमिटीज ओव्हरसाइट' लिहिलं तर समितीने लक्ष ठेवलं की तिच्याकडून काही निसटलं, हे पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही. (शब्दाच्या आधी 'ॲन' लागलं असेल तर बहुतेक वेळा चूकच समजा.) ओव्हरलुकलाही पूर्वी देखरेखीचा अर्थ होता, आता तो जवळपास गेलाय. मात्र जाणूनबुजून कानाडोळा करणं आणि उंचावरून समोरचं दिसणं, या छटा फक्त त्याच्याच. 'द रूम ओव्हरलुक्स द लेक' मधली खोली तळ्याकडे दुर्लक्ष करत नाही, तिथून तळं दिसतं!