लंडनचा ज्वेल टॉवर बघितला, पण ज्वेल कुठायत?

भटक्या_आजोबा: लेकाकडे लंडनला आलोय. परवा संसदेसमोरचा ज्वेल टॉवर बघितला. नाव वाचून वाटलं कोहिनूर इथंच असणार, आत गेलो तर तीन मजली छोटासा दगडी बुरूज, अरुंद गोल जिना आणि जुनी वजनंमापं! चुकीच्या टॉवरात शिरलो की काय? आणि एवढ्याशा जागेत राजाचा खजिना मावायचा कसा?

दगडधोंडे: काका, कोहिनूर टॉवर ऑफ लंडनला, इथून चारेक किलोमीटर. खूप जण असेच फसतात 😄 हा बुरूज राजा तिसऱ्या एडवर्डने १३६५-६६ मध्ये वेस्टमिन्स्टर राजवाड्याच्या (आता तिथेच संसद भरते) बागेच्या कोपऱ्यात बांधून घेतला, काम हेन्री येवेलचं, त्या काळचा मोठा गवंडी. आणि खजिना म्हणजे राज्याची तिजोरी नव्हे हो, राजाचं खासगी सामान, सोन्याचांदीची ताटं, पेले, दागिने, ते पेट्यांत भरून वरच्या मजल्यावर कुलपात, त्याला कितीशी जागा लागणार! जमीन ओलसर म्हणून पायाखाली एल्म लाकडाचे खांब ठोकलेत. तळमजल्याचं छत बघितलंत का? दगडी कमानींच्या फासळ्या जिथे जुळतात तिथे चेहरे कोरलेत, मूळचेच आहेत ते.

खंदकातला_मासा: जागेची गोष्ट राहिली की. बुरूज आणि खंदकासाठी शेजारच्या मठाची जमीन बळकावली, साधू जाम भडकले. राजवाड्याचा कारभारी विल्यम अशबॉर्न या खंदकातला पाइक मासा खाताना घशात अडकून मेला, अशी दंतकथा साधूंनी मागे ठेवलीय. खरं खोटं देव जाणे, पण राग कळतो 😂

सनावळी: मला तर पुढचं जास्त भारी वाटतं. खजिना गेल्यावर १६२१ पासून इथे हाउस ऑफ लॉर्ड्सची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची कागदपत्रं ठेवायला लागले. १८३४ ला राजवाडा जळाला, कॉमन्सचं, म्हणजे खालच्या सभागृहाचं जवळपास सगळं दप्तर खाक, पण हा बुरूज सुटा उभा, त्यामुळे लॉर्ड्सचे कागद वाचले. मग १८६९ पासून वजनंमापं तपासायचं सरकारी ऑफिस, ते १९३८ पर्यंत, कारण बाहेरच्या ट्रॅफिकच्या हादऱ्यांनी मापं अचूक घेता येईनात. काका, तुम्ही बघितलेली मापं त्यातलीच.

भटक्या_आजोबा: अरे वा, म्हणजे मी बघितलं ते बरोबरच होतं तर! छताकडे मात्र मान वर करून बघितलं नाही, जिन्यावर दम लागला होता. लेकाला सांगतो परत ने म्हणून.