ऊलाँग फिका नसतो, पानं कमी पडतात

ऊलाँग चहा म्हणजे महागडा, फिका ग्रीन टीच, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. ग्रीन टीच्या पानांचं ऑक्सिडेशन (हवेशी संयोग होऊन पान काळपट होणं) सुरुवातीलाच थांबवतात, ऊलाँगचं मध्येच कुठेतरी. आणि कुठे, यावर बरीचशी चव ठरते. म्हणून चीनमधल्या आन्शीचा तिएगुआनयिन हा हलका ऊलाँग फुलांसारखा दरवळतो, तर तिथल्याच वूयी डोंगरातला दा होंग पाओ हा ऊलाँग खमंग, भाजका लागतो. फिका लागतो तो मोठ्या मगात चमचाभर पानं टाकल्यामुळे. नेरूळला घरी मी १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम घेतो, पाणी उकळीच्या जवळचं, पहिलं पाणी २०-२५ सेकंदच ठेवतो, मग त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओततो. तिएगुआनयिनसारख्या चहात वळलेल्या पानांच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या घट्ट गोळ्या तिसऱ्या पाण्यापर्यंत देठासकट अख्खं पान होऊन उलगडतात, आणि खरी गोडी तिथेच येते. चहा ओतल्यावर भांड्याचं झाकण आधी हुंगून बघा, कपापेक्षा जास्त वास तिथे असतो.

तैवानचा ओरिएंटल ब्यूटी हा ऊलाँग मिळाला तर सोडू नका. बारीक तुडतुडे त्याच्या पानांतला रस शोषतात, त्याला उत्तर म्हणून झाड सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि कपात मधाचा वास उतरतो. त्या किड्यांसाठी शेतकरी कीटकनाशक टाळतात.