आईच्या जबड्याच्या सांध्यात स्टेम सेल सोडून घ्यावं का? सल्ला हवाय

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीचे. आई ६१ वर्षांची. दोन वर्षं झाली, उजव्या कानाच्या पुढे दुखतंय, आधी कान वाटला मग दाढ, दाढ काढूनही झाली तरी दुखणं आपलं तिथंच. शेवटी बांबोळीच्या डेंटल कॉलेजात दाखवलं तेव्हा कळलं की जबड्याच्या सांध्याचा संधिवात आहे, सीबीसीटीत (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) हाडाचं टोक चपटं झालेलं दिसलं. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. जेवताना शेजारी बसलं की करकर ऐकू येते, वाळूवर चप्पल घासल्यासारखी. पोदेर (पाववाला) सकाळी उंडे (गोल कडक पाव) देऊन जातो, ते ती चहात पार लगदा होईपर्यंत बुडवते, बाकी पेजच. देवळात भजनाची पहिली ओळ तीच उचलायची, आता झांजा घेऊन मागे बसते. बघवत नाही हो.

शेक, गोळ्या, रात्री दातांवर बसवायचा स्प्लिंट चालू आहे, थोडा फरक पडलाय. पुढे आर्थ्रोसेंटेसिस करू म्हणालेत, म्हणजे दोन सुया घालून सलाईनने सांधा धुवायचा. आई सुईला घाबरते म्हणून राहिलंय.

तेवढ्यात एका खाजगी क्लिनिकमधे सांगितलं की पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल (मूळ पेशी, ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनतात) सांध्यात सोडू, कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) नवीन येईल, दीड लाख, आणि याच आठवड्यात ठरवा. बाबा एफडी मोडायला निघालेत. मी वाचलं तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्टेम सेलला नेहमीचा उपचार म्हणून मान्यता फक्त रक्ताच्या ठरावीक आजारांत आहे, बाकी सगळं मंजूर ट्रायलमधेच (संशोधनाच्या चाचणीत) आणि तिथे पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. मी ट्रायलचा सीटीआरआय नंबर (सरकारी नोंदणीचा) विचारला तर त्यांनी विषयच बदलला. माझं मन नाही म्हणतंय, पण बाबांना वाटतं मी पैशाकडे बघतेय.

कुणी सांधा धुवून घेतलाय का? किती दुखलं, नंतर तोंड किती उघडायला लागलं, किती महिने टिकलं? सोबत पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) घेतलं असेल तर तेही सांगा. आणि आईची बोटंसुद्धा सकाळी तासभर आखडलेली असतात, हे आम्ही दातांच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, आमवाताची रक्ततपासणी आधी करून घ्यावी ना? गुरुवारी परत बांबोळीला जायचंय, त्याआधी कुणी लिहिलंत तर बाबांना वाचून दाखवीन.