मदत हवी आहे: पॅम्प्लेटची फाइल छापखान्यातून परत आली, ब्लीड-कर्व्ह-सीएमवायके नेमकं काय करू?

संत्रानगरी_किचन
घरगुती सावजी मसाल्याचं ए५ पॅम्प्लेट कॅनव्हात केलंय. हजार प्रती ऑफसेटवर छापायच्या आहेत. नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्याला व्हॉट्सॲपवर जेपीजी पाठवली तर उत्तर आलं: "ब्लीड नाही. आरजीबी आहे. लोगो फाटतो. फाँट कर्व्ह करून पाठवा." सगळंच डोक्यावरून गेलं. मजकूर मराठीत, पार्श्वभूमी पूर्ण केशरी, खाली काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत पत्ता. काय काय दुरुस्त करू? कॅनव्हात होईल की कोरलड्रॉच लागेल?

शाई_कागद
कॅनव्हात होते ताई, कोरलसाठी अडून राहू नका.

आधी माप. ए५ म्हणजे 148 × 210 मिमी. छपाई मोठ्या शीटवर होते आणि मग गठ्ठा कटिंगला जातो. पातं मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकतंच. केशरी रंग बरोबर कडेवर संपवला असेल तर एका बाजूला पांढरी काडी दिसते. म्हणून रंग चारही बाजूंनी 3 मिमी बाहेर न्यायचा, तोच ब्लीड. एकूण माप 154 × 216. आतल्या बाजूनेही कडेपासून 5 मिमी जागा मोकळी सोडा. फोन नंबर, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) 14 आकडी क्रमांक त्या पट्टीत नको.

इथे हमखास होणारी गडबड: लोक अख्खं डिझाइन धरून 154 × 216 वर ताणतात. मग अक्षरंही कडेला सरकतात आणि ब्लीड असून नसल्यासारखा. फक्त पार्श्वभूमी आणि काळा पट्टा बाहेर ओढा. कॅनव्हात पान 148 × 210 चंच ठेवा, प्रिंट ब्लीड दाखवायची सोय चालू करा, रंग बाहेरच्या रेषेपर्यंत न्या. डाउनलोड करताना 'पीडीएफ प्रिंट' निवडून क्रॉप मार्क्स (कुठे कापायचं त्या खुणा) आणि ब्लीडवर टिक करा. जेपीजी विसरा.

रजिस्टर_हलला
लोगोचं सांगतो. व्हॉट्सॲपवरून उचललेला 1080 पिक्सेलचा लोगो 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) जेमतेम 9 सेंमी रुंद छापतो. त्यातही व्हॉट्सॲपने दाबून दाबून कडा खाल्लेल्या असतात, म्हणून तो 'फाटतो'. फोटोशॉपमध्ये नुसता 72 चा आकडा 300 करून काही होत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात. ज्यांनी लोगो केला त्यांच्याकडून व्हेक्टर फाइल (ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली) मागा: एसव्हीजी, एआय, सीडीआर किंवा मूळ पीडीएफ. व्हेक्टर कितीही मोठा केला तरी कड धारदार राहते. पण जेपीजीच पीडीएफमध्ये डकवून "घ्या व्हेक्टर" म्हणणारेही भेटतात, म्हणून 800 टक्के झूम करून कड पाहून घ्या.

शाई_कागद
आता रंग. स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातून रंग दाखवते, ते आरजीबी; छपाई सायन (सी), मजेंटा (एम), यलो (वाय) आणि ब्लॅक (के) या चार शायांतून, ते सीएमवायके. स्क्रीनवरचा झगमगता केशरी कागदावर थोडा फिका पडतोच, त्याला इलाज नाही. पण मातकट होऊ देऊ नका. सायन 0, मजेंटा 60, यलो 100, ब्लॅक 0 यापासून सुरुवात करा. आरजीबीतून बदलताना सायन 8-10 टक्के जरी शिरला तरी संत्र्याची रया जाते. कॅनव्हात सीएमवायके डाउनलोड पैसे भरलेल्या खात्यातच मिळतं. नसेल तर छापखान्यातल्या ऑपरेटरला हे चार आकडे लिहून द्या.

काळ्या पट्ट्याला नुसता के 100 राखाडी दिसेल. सी 60, एम 40, वाय 40, के 100 द्या, दाट येतो.

रजिस्टर_हलला
भाऊ, पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं आहेत ना! चार शायांच्या चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत तर त्या पांढऱ्यात लाल-निळी किनार घुसते आणि अनुस्वार बुजतात. माझ्या मते के 100 बरोबर फक्त सी 40 द्यावा: काळा पुरेसा गडद होतो आणि हलायला एकच जास्तीची प्लेट. अक्षरं 9 पॉइंटच्या खाली नकोत, जाडी मध्यम ठेवा.

शाई_कागद
हे मान्य. काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांखाली तेच बरोबर.

केशरीवरचा काळा मजकूर मात्र निव्वळ के 100, आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा केशरी न कापता त्यावरच छापलेला. आरजीबीतला काळा आपोआप बदलला की चारही शायांत वाटला जातो; फोटोशॉपच्या अमेरिकन डिफॉल्टवर तो सी 75, एम 68, वाय 67, के 90 होतो. बारीक मजकुराला हे विष आहे.

काना_मात्रा
मराठी मजकुराचं कोणी बोललंच नाही.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यच ठेवा. इंग्रजी शीर्षकासारखं वाढवलं की शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर, लेडिंग, इंग्रजीला 120 टक्के चालतं. आपल्याला वर रफार-मात्रा, खाली उकार, म्हणून 10 पॉइंटला 14-15 द्या. बोल्ड हवा तर फाँटचंच बोल्ड वजन घ्या. बाहेरून आउटलाइन चढवली की 'ष्ठ', 'क्ष' आतून भरतात. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी चांगले, दोन्ही मोफत.

कर्व्ह: अक्षरांचे आकार करून टाकणे, म्हणजे समोरच्याकडे फाँट नसला तरी बिघडत नाही. कोरलमध्ये कंट्रोल+क्यू. नंतर मजकूर दुरुस्त होत नाही, म्हणून आधीची प्रत वेगळी ठेवा. पीडीएफ प्रिंटमध्ये फाँट आतच असतो, पण ऑपरेटर ती कोरलमध्ये उघडताना टेक्स्ट म्हणून घेईल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटून येऊ शकतात. इंपोर्टच्या चौकटीत 'कर्व्ह्ज' निवडायला सांगा.

संत्रानगरी_किचन
सगळ्यांना धन्यवाद! याच डिझाइनचा 6 × 3 फुटांचा फ्लेक्स करायचा तर 300 डीपीआयच ठेवू का?

रजिस्टर_हलला
नका. 21600 × 10800 पिक्सेलची फाइल होईल आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. 72 ला 5184 × 2592 पुरे. ए५ उभं आहे आणि फ्लेक्स आडवा, म्हणून ताणू नका, मांडणी नवीन करा. कडेने 2 इंच मजकूर ठेवू नका, तिथे घडी आणि रिंगा येतात. आणि आपल्याकडच्या मेच्या उन्हात पिवळा-मजेंटा आधी उडतात, निळा मागे राहतो. केशरी फ्लेक्स दक्षिण-पश्चिमेकडे तोंड करून टांगायचा असेल तर लॅमिनेशनचं विचारून घ्या.

काना_मात्रा
पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच. आणि हजार प्रतींचं मशीन लावण्याआधी एक प्रिंट काढून मागा, पत्ता आणि नंबर दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या.